युरोपात पहिल्यांदा सर्फिंग शिकायला जाताय? या चुका टाळा

पहिली चूक विमानाचं तिकीट काढण्याआधीच होते. मोबाईलवर पोर्तुगालच्या नाझारेची डोंगराएवढी लाट बघायची आणि तिथलंच हॉटेल बुक करायचं. नाझारेसमोर समुद्राच्या तळाशी खोल दरी आहे, तिच्यामुळे हिवाळ्यात तिथे लाटा अफाट चढतात. ऑक्टोबर २०२० मध्ये जर्मनीच्या सेबास्टियन श्टॉइट्नरने २६.२१ मीटरची लाट घेतली ती तिथेच. बघायला जरूर जा, शिकायला नको. पोर्तुगालमधल्याच पेनिशचा सुपरटूबोस, फ्रान्समधल्या ऑसगोरचा ग्राव्हिएर, स्पेनचं मुंडाका या नावांचंही तेच. जागा जितकी गाजलेली, तितकी तिथली लाट नवख्याला वाईट, असा सरळ हिशेब धरा.

शिकणाऱ्याला हवा असतो वाळूचा, हळूहळू खोल होत जाणारा किनारा आणि आधीच फुटून पांढरी झालेली, कंबरेएवढी लाट. लिस्बनजवळचं कोश्ता दा कापारिका, स्पेनमधल्या सांतांदेरसमोरचं सोमो, फ्रान्समधल्या बियारित्झचा कोत दे बास्क अशा जागा त्यासाठी चांगल्या. मला विचाराल तर पहिल्या खेपेला पेनिशजवळचं बालेआल. लिस्बनहून बसने साधारण दीड तास. पेनिश हे समुद्रात घुसलेलं भूशिर असल्यामुळे किनाऱ्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना आहेत. एका बाजूला वारा लाटा विस्कटत असला तर दुसऱ्या बाजूला बरं पाणी मिळण्याची शक्यता असते. सुपरटूबोस तिथून जवळच, पण तो काठावर उभं राहून पाहायचा.

आणखी एक गफलत म्हणजे 'समुद्र आहे म्हणजे लाटा असणारच' हे गृहीत धरणं. बार्सिलोना किंवा ग्रीसच्या सहलीत दोन दिवस सर्फिंगचे घुसवले जातात. भूमध्य समुद्रात लाटा येतात त्या वाऱ्याच्या लहरीवर, आणि उन्हाळ्यात कित्येक दिवस पाणी तळ्यासारखं शांत. सर्फिंगसाठी अटलांटिकचाच किनारा पाहिजे.

महिना सुट्टी बघून निवडणं

नोकरदार माणूस डिसेंबरची सुट्टी बघतो. डिसेंबरात पोर्तुगाल-फ्रान्सच्या किनाऱ्यावर लाटा मोठ्या, पाणी गार आणि दिवस आखूड. त्याच महिन्यात जायचं असेल तर स्पेनच्या कॅनरी बेटांवर जा. तिथल्या लांझारोते बेटाचा फामारा किनारा वाळूचा आहे आणि तिथे सर्फिंग शाळा भरपूर आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये लाटा लहान असतात हे खरं, पण गर्दी इतकी की पडलात तर दुसऱ्याच्या बोर्डवर. मे-जूनची अखेर किंवा सप्टेंबर उत्तम.

पोर्तुगालमध्ये उन्हाळी दुपारी उत्तरेचा जोरदार वारा सुटतो, तिथे त्याला नॉर्ताडा म्हणतात. तो पाण्याचा वरचा थर बाहेर ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं. म्हणून ऐन ऑगस्टमध्ये हवा गरम असूनही पेनिशचं पाणी १७ ते १९ अंशांच्या आसपास. गोव्याच्या २७-२८ अंशांची सवय असलेल्या अंगाला हा फरक पहिल्या मिनिटाला कळतो. टी-शर्ट आणि हाफपँटवर अर्धा तासही निघणार नाही. वेटसूट बहुतेक शाळा देतात. ३/२ किंवा ४/३ हे आकडे मिलिमीटरमधल्या जाडीचे, पहिला धडाचा, दुसरा हातापायांचा. सूट अंगाला घट्टच बसला पाहिजे, सैल सुटात पाणी खेळत राहतं. पाठीवर चेन असेल तर ती पाठीवरच ठेवा; उलटा सूट घालून किनाऱ्यावर येणारा एक जण दर तुकडीत असतोच.

वारा दुपारचा, म्हणून शिकवणी सकाळची घ्या.

भरती-ओहोटी न बघणं

कोकणातल्या माणसाला उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) आणि भांग (मधल्या दिवसांतली लहान भरती) सांगायला नको. अटलांटिकच्या या किनाऱ्यांवर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो. सकाळी जिथे सपाट वाळू होती तिथे दुपारी पाणी कठड्याला आपटतं. कोत दे बास्कवर तर पूर्ण भरतीला वाळूच उरत नाही. वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे शाळेने 'उद्या अकराला, परवा बाराला' असं कळवलं तर तो ढिसाळपणा समजू नका.

यापेक्षा गंभीर चूक म्हणजे शांत पाणी बघून तिथे शिरणं. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा गुळगुळीत दिसतोय, तर बहुतेकदा तीच ओढीची जागा. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत समुद्रात जात असतं. फ्रान्सच्या लांद आणि जिरोंद भागात वाळूत तयार होणाऱ्या अशा खोलगट जागांना बाईन म्हणतात, आणि चांगले पोहणारेही त्यात ओढले जातात. सापडलात तर बोर्ड सोडू नका, किनाऱ्याकडे सरळ झुंजू नका, आडवं सरका, हात वर करून मदत मागा. लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा पोहणाऱ्यांची, तिथे बोर्ड नेऊ नये. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचंच नाही. आणि तलावात दोन फेऱ्या मारता येतात म्हणजे समुद्रात पोहता येतं असं नाही. जाण्याआधी निदान समुद्रात पोहण्याची तयारी हवीच.

पाण्यात उतरल्यावर काय बिघडतं

बोर्डचं नाक पाण्यात घुसतंय? तुम्ही फार पुढे झोपला आहात, थोडं मागे सरका. लाट खालून निघून जातेय आणि बोर्ड जागचा हलत नाही? मग फार मागे आहात, किंवा हात मारणं लवकर थांबवलंत. उभं राहताच तोल जातोय? नजर पायांकडे असणार. किनाऱ्यावरच्या एखाद्या इमारतीकडे बघा. आधी गुडघे टेकून मग उठायची सवय पहिल्याच दिवशी मोडा, नंतर ती फार चिवट होते. छातीजवळ हात टेकून एका झटक्यात पाय खाली आणायची हालचाल घरी सतरंजीवर करून जा. खांदे मात्र तरीही तिसऱ्या दिवशी बोंबलतील. तो दिवस मोकळा ठेवा.

बोर्ड आठ फुटांच्या आसपासचा, मऊ पृष्ठभागाचाच घ्या. छोटा बोर्ड दिसायला छान असतो, पण त्यावर उभं राहणं कितीतरी अवघड. लाट येत असताना बोर्ड स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा कधीच धरू नका, सगळ्यात जास्त मार त्यानेच बसतो. पडताना डोकं खाली घालून सूर मारू नका, आडवे पडा आणि वर येताना हातांनी डोकं झाका. अंगठ्या, साखळ्या, चष्मा खोलीवर.

कागदपत्रं

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो मुक्काम जास्त दिवस असलेल्या देशाकडे करायचा. ब्रिटनमधलं न्यूकी किंवा आयर्लंडमधलं बंडोरन डोक्यात असेल, तर शेंगेन तिथे चालत नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पण त्यात सर्फिंग धरलंय का, हे वेगळं तपासा. साहसी खेळ वगळणाऱ्या पॉलिसी पुष्कळ असतात, आणि एजंट फोनवर 'हो हो, सगळं येतं' म्हणाला तरी ते ईमेलवर लेखी मागून घ्या.