वहीतला ‘१२’ पायथनला आकडा म्हणून कसा द्यायचा

गोव्यात डिचोलीला आमच्या शेजारच्या काकांचं काजूचं भाट (बाग) आहे. हंगामात रोज किती किलो बी जमली ते मोबाईलवर मराठी कीबोर्डने टिपून ठेवतात. बेरजेसाठी मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत चार ओळी लिहून दिल्या. पहिल्या दिवसाचे १२ किलो, दुसऱ्या दिवसाचे ८.५, आणि बेरीज आली १२८.५! काका म्हणाले, “एवढी बी पडली असती तर तुझ्या दारात कशाला आलो असतो?”

चूक माझीच. फाईलमधून वाचलेलं किंवा कीबोर्डवरून घेतलेलं सगळं पायथनला आधी मजकूर म्हणूनच मिळतं, आणि दोन मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह दिलं की ते एकमेकांना चिकटतात. मी चिकटलेल्या मजकुराचा शेवटी आकडा केला, तोही बिनतक्रार झाला. म्हणून आधी एकेक नोंद आकड्यात बदलायची, बेरीज त्यानंतर.

पूर्ण संख्येसाठी ‘इंट’ आणि दशांशासाठी ‘फ्लोट’ ही दोन फंक्शनं आहेत. (नावं इथे देवनागरीत देतोय, कोडमध्ये ही दोन रोमन छोट्या अक्षरांत टाइप करायची: int, float.) पुढच्या गोल कंसात मजकूर द्यायचा, बस्स. ‘८.५’ हा मजकूर इंटला दिला तर तो अर्धा किलो गुपचूप गाळत नाही, ‘व्हॅल्यूएरर’ (ValueError, म्हणजे ‘या मजकुराचा आकडा होत नाही’ अशी तक्रार) देऊन थांबतो. वजनाला फ्लोटच घ्या.

देवनागरी आकडे रोमनमध्ये बदलायला मी आधी दहा ओळींचा तक्ता लिहिला होता. फुकटची मेहनत! पायथनला ‘१२’ थेट समजतो. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेला मात्र समजत नाही. वर तिथलं ‘नंबर’ फंक्शन रिकाम्या मजकुराला शून्य मानतं, ते लक्षात ठेवा.

आता साफसफाई. मागचीपुढची मोकळी जागा इंट आणि फ्लोट स्वतःच झटकतात. ‘किलो’ हा शब्द आणि ‘१,२५०’ मधला स्वल्पविराम ‘रिप्लेस’ने (replace, मजकुरातला एक तुकडा काढून दुसरा घालणारं फंक्शन) काढावा लागतो. पण जुन्या पोर्तुगीज कागदांवरून आकडे उतरवत असाल तर सांभाळा. त्या पद्धतीत दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो. ‘८,५’ मधला तो पुसलात की साडेआठाचे पंच्याऐंशी होतात. तिथे स्वल्पविरामाच्या जागी टिंब घाला. ‘अडीच’, ‘दीड’ अशा शब्दांसाठी एक छोटी डिक्शनरी (शब्द आणि त्यासमोर त्याची किंमत अशी जोड्यांची यादी) करा: अडीचसमोर २.५, दीडसमोर १.५. आकडा बरोबर दिसत असूनही एरर येत असेल तर तो मजकूर ‘रेप्र’ (repr) या फंक्शनमधून छापून पाहा. चॅटमधून चिकटवलेल्या मजकुरात कधीकधी न दिसणारं चिन्ह दडलेलं असतं, ते तिथे उघडं पडतं.

पैशांचा हिशेब असेल तर फ्लोट नको. त्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. ‘डेसिमल’ (Decimal, दशांश नेमका ठेवणारा पायथनचा प्रकार) वापरा आणि त्याला मूळ मजकूरच द्या. आधी फ्लोट करून दिलात तर ती बारीक चूकही सोबत जाते. मोबाईल नंबर आणि बँकेचे खातेक्रमांक आकड्यात मुळी बदलूच नका. त्यांची बेरीज कोणी करत नाही, आणि इंट केलं की सुरुवातीची शून्यं जातात.

तरी काही नोंदी अडतातच. त्यासाठी फ्लोटची ओळ ‘ट्राय’मध्ये (try, करून बघायचा भाग) ठेवा आणि ‘एक्सेप्ट’मध्ये (except, एरर आली तर काय करायचं तो भाग) फक्त व्हॅल्यूएरर पकडा. तिथे शून्य भरून पुढे जायचा मोह होतो. पण मग त्या दिवशी भाटात बीच पडली नाही असं होतं आणि बेरीज बघून कोणाला शंकाही येत नाही. त्यापेक्षा ओळीचा क्रमांक आणि मूळ मजकूर एका यादीत टाका नि शेवटी छापा.

काकांच्या यादीत तीन ओळी निघाल्या. दोन ठिकाणी नुसतं ‘पाऊस’ लिहिलं होतं, तिसरीत ‘९-१०’. विचारलं तर म्हणाले, “काटा हलत होता रे, साडेनऊ धर.”