बर्फावरचा जुना संगीतपट घरी कसा पाहावा

चवथीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घर भरलेले असताना आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांना एकत्र बसून पाहता येईल असा चित्रपट हवा असेल, तर हॉलिवूडच्या जुन्या आइस-स्केटिंग संगीतपटांकडे वळावे. सुरुवात १९४१ च्या ‘सन व्हॅली सेरेनेड’ने करावी, कारण त्याची लांबी जेमतेम दीड तास आहे आणि नायिका सोन्या हेनी आहे. नॉर्वेच्या या स्केटरने १९२८, १९३२ आणि १९३६ अशा सलग तीन हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक पटकावले होते आणि सलग दहा वर्षे जगज्जेतेपद राखले होते. अभिनय तिला बेताचाच येई. पण बर्फावर उतरली की तिच्यावरून नजर हटत नाही.

सर्वांत महत्त्वाची तयारी टीव्हीची आहे. त्या काळच्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस असे, म्हणजे उंचीच्या सुमारे १.३७ पट रुंद. त्यामुळे आजच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतात आणि घरातले कोणीतरी हमखास ‘पडदा भरून घ्या’ असा आग्रह धरते. तो मानू नये. झूम केल्यास चित्राचा वरचा आणि खालचा भाग कापला जातो, आणि स्केटिंगच्या चित्रपटात खाली असतात ती पावले! चित्र आडवे ताणले, तर शिडशिडीत नर्तकी बसकी दिसू लागते. तेव्हा सेटिंगमध्ये ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ हा पर्याय निवडावा. दुकानातून आलेला टीव्ही बहुधा ‘व्हिव्हिड’ मोडवर असतो. त्यात कृष्णधवल बर्फ नुसता पांढराफटक दिसतो आणि पात्यांनी ओढलेल्या रेघा नाहीशा होतात, म्हणून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड लावावा. हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारी सोयही बंद करावी, कारण सेकंदाला २४ चित्रांची मूळ लय तिच्यामुळे बिघडते.

वेळ रात्रीची ठेवावी. पावसाळ्यात कौलांवर सरी कोसळू लागल्या की संवाद ऐकू येणे कठीण, म्हणून सबटायटल्स आधीच सुरू करून ठेवलेली बरी.

कथेकडून फार अपेक्षा ठेवू नये. प्रसिद्धीसाठी एका निर्वासित मुलाचे पालकत्व घ्यायचे बँडवाले ठरवतात आणि प्रत्यक्षात नॉर्वेची एक उपवर तरुणी येऊन उभी राहते, एवढाच मामला आहे. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले होते, हे ठाऊक असले की या विनोदाखालची जमीन किती ओली होती ते कळते. चित्रपट मात्र तिकडे पाहतही नाही. इफ्फीत, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, गंभीर चित्रपट पाहून लागलेली प्रत्येक दृश्यात अर्थ शोधण्याची सवय येथे बाजूला ठेवावी. जत्रेतल्या संगीत नाटकाला प्रेक्षक कथा पाठ असूनही पदाची वाट पाहत बसतात, तसेच येथे बसायचे.

मधल्या भागात अमेरिकन बँडप्रमुख ग्लेन मिलरचा बँड ‘चॅटनूगा चू चू’ वाजवू लागला की बोलणे थांबवावे. या गाण्याच्या बारा लाख प्रतींच्या विक्रीबद्दल १० फेब्रुवारी १९४२ रोजी मिलरला सोनेरी तबकडी देण्यात आली होती. गाण्याच्या उत्तरार्धात गायिका-अभिनेत्री डोरोथी डँड्रिज आणि नर्तक निकोलस बंधू येतात; त्या दोघा भावांचा टॅप नृत्याचा, म्हणजे बुटांच्या ठोक्यांवरच्या नाचाचा, तुकडा, माझ्या मते, संपूर्ण चित्रपटातला सर्वांत तल्लख तुकडा आहे, स्केटिंग धरूनसुद्धा.

शेवटचे नृत्य काळ्या रंगाच्या बर्फावर आहे आणि ते दोनदा पाहावे. पहिल्यांदा समूहाच्या रचना आणि बर्फात उमटणारी प्रतिबिंबे पाहावीत. दुसऱ्यांदा नजर केवळ हेनीच्या पावलांवर ठेवावी. स्केटच्या पात्याला मध्ये किंचित खोलगट भाग आणि दोन बाजूंना दोन धारा असतात. ती ज्या धारेवर भार देते त्या बाजूला तिचे सारे शरीर झुकते, आणि त्या झुकण्यातूनच वळण तयार होते. पात्याच्या पुढच्या टोकाला दाते असतात, त्यांच्यावर ती चवड्यांवर धावल्यासारखी चिमुकली पावले टाकते. उड्यांपैकी अ‍ॅक्सेल ओळखायला सर्वांत सोपी, कारण तीत स्केटर पुढे तोंड करून उडी घेतो आणि हवेत दीड फेरा पूर्ण करून पाठमोरा उतरतो. आजच्या तिहेरी-चौपट फेऱ्यांपुढे हेनीच्या उड्या साध्या वाटतील. तिचे गिरक्या घेणे मात्र आजही कसून पाहण्यासारखे आहे. मुलांना ती कोणत्या पायावर फिरते आणि थांबताना कोणता पाय टेकते ते सांगायला लावावे. उत्तरावर एकमत झाले नाही, तर तेवढा भाग मागे घेऊन पुन्हा लावावा.