मुंगी आणि मावा यांची देवाणघेवाण स्वतः कशी बघायची

झाडावर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडला की लगेच फवारायला घेऊ नका, आठवडाभर थांबा आणि दहापट मोठं दाखवणारं एक भिंग जवळ ठेवा, कारण दोन जीव एकमेकांना काय देतात हे इतक्या जवळून बघायला दुसरीकडे क्वचितच मिळतं.

खोडावरून मुंग्यांची रांग वर जाताना दिसली की तिच्या मागोमाग कोवळ्या शेंड्यापर्यंत जा, पान अलगद उलटा, हिसका बसला तर मुंग्या बिथरतात. मग एकाच मुंगीवर नजर ठेवा. ती मिशांनी माव्याच्या पाठीवर टपटप करते, थोड्या वेळाने माव्याच्या मागच्या टोकाला काचेसारखा थेंब फुगतो आणि ती तो पिऊन टाकते. मी कितीदा बघितलंय, तरी दर वेळी श्वास रोखला जातो! झाडाच्या रसात साखर भरपूर पण अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) कमी, म्हणून मावा गरजेपेक्षा जास्त रस पितो आणि उरलेली साखर अशी बाहेर टाकतो.

बदल्यात मुंगी काय देते? राखण. मावा खाणारा ढालकिडा आला की बघा कशा अंगावर धावून जातात. खात्री करायची तर सारखी दोन झाडं घ्या, एकाच्या खोडाला कागदी टेप गुंडाळून वर पेट्रोलियम जेली फासा, त्याचं एकही पान भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकू देऊ नका नाहीतर मुंग्यांना पूल मिळतो, आणि रोज दोन्हीकडचा मावा मोजा. आसपास ढालकिडे असतील तर बिनमुंग्यांच्या झाडावर तो बहुतेक वेळा घटतो. झाडाचं मात्र यात नुकसानच, ते विसरू नका. १८७९ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटन डी बारी यांनी सहजीवनाची व्याख्या केली तेव्हा परजीवीसुद्धा त्यातच धरले होते, ते मला पटतं.

सहजीवनात झाडाचा फायदा बघायचाय तर फुलावर आलेलं शेंगवर्गीय रोप मातीसकट खणून काढा, ओढू नका, मुळांवरच्या गाठी मातीतच राहतात. मुळं पाण्यात हलवून धुवा. बोटाने घासल्यावर सुटून येते ती रायझोबियमची, म्हणजे झाडाला हवेतला नत्र मिळवून देणाऱ्या जिवाणूंची गाठ, मूळच सुजलेलं असेल तर ते सूत्रकृमीचं, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक जंताचं काम. गाठ नखाने कापा, आतून गुलाबी निघाली म्हणजे नत्राचं काम चालू आहे, हिरवट किंवा राखाडी निघाली तर थांबलंय.