टंचाईच्या दिवसांत व्यापाऱ्यांची बैठक कशी घ्यावी

मी फोंड्यातल्या किराणा-भुसार व्यापाऱ्यांच्या संघटनेचा सचिव. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली, त्यात नारळ कमी आणि चोर्ला घाटात दरड, की सकाळपासून फोन सुरू होतात: बैठक बोलवा. जरूर बोलवावी, एकत्र बसणं हा गुन्हा नाही. मात्र विषयपत्रिका सचिवाने स्वतः लिहावी आणि तिच्यात ‘दर’ येऊ देऊ नये.

स्पर्धा कायदा, 2002 चं कलम 3(3) एकदा नीट वाचा. एकाच धंद्यातल्यांनी मिळून भाव ठरवला, माल रोखला किंवा गिऱ्हाइकं वाटून घेतली, तर स्पर्धेला बाधा आली असं गृहीतच धरतात. आली नाही, हे दाखवायचं तुम्ही. संघटनेच्या ठरावाने बचाव होत नाही, उलट तोच पहिला पुरावा. ‘लोकांची लूट नको म्हणून आम्हीच कमाल भाव ठरवू’ असं सांगणारा एखादा भला माणूस प्रत्येक बैठकीत असतो. त्यालाही थांबवा. 2020 मध्ये 200 मिलि सॅनिटायझरला 100 रुपयांची मर्यादा घातली ती सरकारने, अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली. तो अधिकार आपल्याकडे नाही.

मग बोलायचं काय? गाडी चोर्ल्याऐवजी अनमोड घाटामार्गे आणता येईल का, दोघांचा माल एका ट्रकात बसेल का, कोणाचं गोदाम रिकामं आहे. हा कायदा राबवणाऱ्या स्पर्धा आयोगाने एप्रिल 2020 मध्ये कोविडसाठी काढलेल्या सूचनेत साठ्याची माहिती, वाहतूक, वितरण यांत गरजेपुरतं सहकार्य समजून घेतलं होतं. पण ती सूचना त्या काळापुरती. तिला कायमचा परवाना समजू नका. साठ्याचे आकडे मी प्रत्येकाकडून वेगळे घेतो आणि बैठकीत फक्त बेरीज सांगतो. कोणाकडे किती पोती, हे शेजारच्या दुकानदाराला कळायचं कारण नाही.

हे दिल्लीतल्या बड्या कंपन्यांपुरतं आहे असं वाटत असेल, तर गोव्यातल्या औषध विक्रेत्यांच्या संघटनेला आयोगाने 2012 मध्ये दोन लाखांचा दंड केला होता. औषध कंपनीला नवा स्टॉकिस्ट (घाऊक वितरक) नेमायला संघटनेचं ना-हरकत पत्र लागायचं, तो त्यातला एक मुद्दा. 2014 मध्ये पुन्हा दंड झाला. पदाधिकाऱ्यांनाही व्यक्तिशः जबाबदार धरता येतं, हे खुर्चीवर बसण्याआधी वाचलेलं बरं.

बैठकीत कोणी भाव काढलाच, तर गप्प बसू नका. गप्प बसलेला सामील धरला जाऊ शकतो. हरकत घ्या, ती इतिवृत्तात नोंदवून घ्या, विषय थांबला नाही तर उठा आणि निघाल्याची वेळही लिहायला लावा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘उद्या नारळ कितीला लावतोस?’ आलं, तर होकाराचा अंगठा टाकू नका. ‘इथे दर नको’ एवढंच लिहा. मेसेज मात्र पुसू नका, तुमची हरकत त्याच्याच खाली असते.