/बूट भरलं आणि कर्नल अर्धवट राहिलं: माझा अनुभव

उबुंटू या लिनक्स सिस्टिमवर अपडेट चालू असताना ‘डिव्हाइसवर जागा नाही’ असा एरर आला आणि नवं कर्नल (सिस्टिमचा गाभा) अर्ध्यातच अडकलं. त्यानंतर एपीटी (पॅकेजेस बसवणारं साधन) कुठलंही पॅकेज घेईना. अर्धवट पॅकेजेस दुरुस्त करणारं ‘फिक्स ब्रोकन’ चालवावं, तर पुन्हा तोच एरर. डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या ‘डीएफ’नं पाहिलं तर वेगळं /बूट पार्टिशन (डिस्कचा कर्नलच्या फाइली ठेवणारा भाग) 100 टक्के भरलेलं, नव्या कर्नलची इनिटआरडी (मशीन सुरू होताना लागणारी) फाइल लिहायलाच जागा नव्हती.

आधी ‘युनेम -आर’ चालवा. चालू कर्नल कोणतं हे कळल्याशिवाय कशालाही हात लावू नका, हे अगदी कळकळीनं सांगतो. मग ‘डीपीकेजी -एल’च्या (डीपीकेजी म्हणजे एपीटीच्या खालचं मूळ साधन) यादीत लिनक्स-इमेजच्या, म्हणजे कर्नलच्या पॅकेजेसच्या, ओळी शोधल्या. सुरुवातीची दोन अक्षरंच सगळं सांगतात: ‘आयआय’ म्हणजे नीट बसलेलं, ‘आययू’ म्हणजे नुसतं उलगडलेलं, ‘आयएफ’ म्हणजे कॉन्फिगर होताना फसलेलं, ‘आरसी’ म्हणजे काढलेलं, पण सेटिंगच्या फाइली मागे उरलेल्या.

एपीटी अडकलेलं असल्यानं ‘सुडो डीपीकेजी --पर्ज’नं सर्वांत जुनं, वापरात नसलेलं इमेज पॅकेज काढलं. त्याच आवृत्तीचं मॉड्यूल्स-एक्स्ट्राही (जादा ड्रायव्हरांचं पॅकेज) त्याच कमांडमध्ये द्यावं लागलं, नाहीतर डिपेंडन्सी (एका पॅकेजचं दुसऱ्यावर अवलंबून असणं) आडवी येते. /बूटमधल्या फाइली थेट ‘आरएम’ या फाइल पुसणाऱ्या कमांडनं उडवण्याचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही, कारण डीपीकेजीच्या नोंदीत पॅकेज तसंच राहतं.

जागा झाल्यावर ‘सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल’ विनातक्रार पूर्ण झालं. उरलेली जुनी कर्नलं ‘ऑटोरिमूव्ह --पर्ज’नं गेली.