देवबागला दिवसभरासाठी होडी ठरवायची असेल तर

पहिल्यांदा देवबागला गेलो तेव्हा आम्ही नऊजण होतो, त्यात आई आणि सहा वर्षांचा भाचा, आणि त्रिपुरी पौर्णिमेचा वीकेंड. आरामात उठलो, आंबोळ्या-चटणी खाल्ली, दोन दोन चहा झाले आणि साडेअकराला होडीत बसून त्सुनामी आयलंडला (इथला प्रसिद्ध वाळूचा पट्टा) पोचलो तर आयलंड कुठंय?? कमरेएवढं पाणी, त्यात उभे असलेले स्टॉलचे खांब आणि पाण्यात उभं राहून भजी खाणारे चार लोक. होडीवाले काका शांतपणे म्हणाले, "भरती आसा ना आता, वाळू खाली आसा." आम्ही होडी बघितली, रेट बघितला, फोटोपण बघितले होते, फक्त भरती बघितली नव्हती.

तेव्हापासून चारेक वेळा गेलोय आणि दरवेळी मित्रमंडळींचे फोन येतात की होडी कशी ठरवायची, कितीला ठरवायची, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी जागा समजून घ्या. मालवणहून तारकर्ली आणि तिथून पुढे देवबाग, ही जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते, त्याला सगळे संगम म्हणतात. होड्या बहुतेक नदीच्या अंगाला लागतात. त्सुनामी आयलंड म्हणजे खाडीच्या तोंडाच्या आतल्या बाजूला असलेला वाळूचा पट्टा, २००४ च्या त्सुनामीनंतर तो असा झाला असं गावात सांगतात म्हणून ते नाव. समोरच्या काठाला भोगवे, तिथून दक्षिणेला समुद्राच्या बाजूने गेलं की किल्ले निवती आणि तिथले पिवळसर खडक, ज्यांना आता सगळे गोल्डन रॉक म्हणतात. म्हणजे तुमच्या दिवसाचे दोन भाग झाले, एक तोंडाच्या बाहेरचा (डॉल्फिन, निवती, भोगव्याचा किनारा) आणि एक आतला (त्सुनामी, खाडी, कांदळवन). हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं, कारण बाहेर कधी जायचं आणि आत कधी यायचं हे तुमचा नाश्ता ठरवत नाही, पाणी ठरवतं.

आता पाण्याचं गणित. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, जो आकडा येतो साधारण तेवढ्या वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस भागिले चार, सव्वाअकरा. बघा, आम्ही साडेअकराला पोचलो होतो! आणि त्यात पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे भरतीचं पाणी सगळ्यात जास्त चढतं. अष्टमीला सहाच्या आसपास भरती, तेव्हा भांगाची, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. हा हिशोब ढोबळ आहे, मालवणकडे भरती मुंबईच्या थोडी आधीच येते, त्यामुळे तासभर इकडेतिकडे धरा आणि नेटवर टाइड टेबल बघून खात्री करा. कालनिर्णय घरात असतंच, हॉटेल बुक करायच्या आधी तिथी बघा. लोक लग्नाचा मुहूर्त बघतात पण होडीचा बघत नाहीत.

माझ्या मते एकादशी-द्वादशीच्या आसपासचा दिवस चांगला. हिशोबाने सव्वाआठ-नऊ येतात, पण मालवणकडे थोडी आधी म्हणून सकाळी साडेसात-आठला भरती धरा, म्हणजे तोंडावर पाणी भरपूर, होडी आरामात बाहेर पडते, आणि दुपारी दीड-दोनला ओहोटी. साडेदहा-अकरापर्यंत बाहेरचं सगळं उरकून आत यायचं आणि मग वाळू उघडी पडायला लागते तेव्हा त्सुनामीवर. पाणी पूर्ण उतरलेलं असताना तोंडातून आतबाहेर करायला नको, तिथे वाळूचे बांध आहेत आणि ओहोटीचं बाहेर जाणारं पाणी आणि समुद्राकडून येणारी लाट समोरासमोर आली की पाणी उभं राहतं, लाटा छोट्या पण एकामागोमाग एक आणि होडी नुसती आपटते. मुरलेला तांडेल (होडी चालवणारा) अशा वेळी स्वतःच थांबतो. घाई तुम्ही करू नका.

सकाळी लवकर निघायचं दुसरं कारण वारा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, परीक्षेनंतर त्यांचा पहिला उपयोग मला देवबागला झाला. पहाटे वारा जमिनीकडून, समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट, डॉल्फिनचे पंख लांबून दिसतात. अकरानंतर वारा समुद्राकडून सुरू होतो, दुपारी पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागतात, आणि मग डॉल्फिन असला तरी दिसत नाही आणि दिसला तरी तुम्ही पिशवीत तोंड घालून बसलेले असता. म्हणून निघायचं ते सात म्हणजे सातला. आदल्या रात्री सगळ्यांना सांगून ठेवा, जो उठणार नाही त्याने रूमवर घावणे खावेत.

होडी ठरवताना. इथे होडी चालवणाऱ्यासकट मिळते, स्वतः चालवायला मिळेल का असं विचारू नका, आमच्या एका मित्राने विचारलं होतं, सगळे हसले. बहुतेक फायबरच्या होड्या, मागे आउटबोर्ड इंजिन, वर कापडाचं किंवा ताडपत्रीचं छप्पर. दोन प्रकारे मिळते, सीटवर किंवा पूर्ण होडी. सीटवर घेतली की दोन-तीन तासांत सगळे पॉइंट दाखवून परत आणतात, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, सेल्फी काढा आणि चला. सहा-सातपेक्षा जास्त माणसं असाल तर पूर्ण होडीच घ्या. मी आकडा देत नाही कारण दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात रेट वेगळा आणि जानेवारीच्या मंगळवारी वेगळा, पण रेट कशावर असतो ते सांगतो, तेलावर आणि थांबण्याच्या वेळेवर. निवतीपर्यंत गेलात तर तेल जास्त, नुसतं खाडीत फिरलात तर कमी. त्यामुळे "दिवसाचे किती" असं विचारलं की समोरचा अंदाजे मोठा आकडा सांगतो, त्यापेक्षा "सातला निघू, डॉल्फिन, निवती, भोगव्याला तासभर, मग त्सुनामी, तीनला परत" असं सांगून विचारा, आकडा खाली येतो. त्यात तेल धरलंय का, जादा तास झाला तर किती, आणि हवा खराब झाली तर पैसे परत की दुसऱ्या दिवशी, हे तिथेच बोलून घ्या. शक्य असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज टाकून ठेवा, भांडणासाठी नाही, दोघांच्याही लक्षात राहतं म्हणून. घासाघीस करा पण थोडी, त्यांना सहा-आठ महिनेच सीझन मिळतो.

आणि वॉटर स्पोर्ट्सचं पॅकेज गळ्यात मारतील त्यात होडी "फ्री" असते, ती फ्री म्हणजे तुमच्या बंपर राइडच्या पैशातून आलेली. आम्ही एकदा फसलो, होडीचा अर्धा दिवस स्टॉलवर नंबर लागायची वाट बघण्यात गेला.

पैसे द्यायच्या आधी संध्याकाळी जाऊन होडी बघून या. रजिस्ट्रेशन नंबर रंगवलेला आहे का, किती माणसांची परवानगी आहे, मेरीटाईम बोर्डाचा परवाना आणि विमा आहे का, हे सरळ विचारा, नीट काम करणाऱ्याला याचा राग येत नाही. लाइफ जॅकेट मोजा, आणि नुसती मोजू नका, घालून बघा, बकल लागतात का बघा. लहान मुलांच्या मापाचं वेगळं मागा, मोठ्यांचं जॅकेट पोरांच्या डोक्यावरून वर सरकतं आणि पोरगं खालून निसटतं. भाच्यासाठी आम्हाला दोन ठिकाणी फिरावं लागलं तेव्हा मिळालं. होडीत वल्ही, नांगर आणि दोर आहे का तेपण बघा, इंजिन बंद पडलं तर तेच कामाला येतं. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परत येणारी वीसेक पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. मे महिन्याची अखेर म्हणजे समुद्र खवळायला लागलेला असतो, त्या दिवसांत स्वस्त मिळतंय म्हणून जाऊ नका. जून ते ऑगस्ट तर सगळं बंदच असतं.

तांडेल "आज नको" म्हणाला तर विषय संपला. आमच्या तिसऱ्या खेपेला काकांनी सकाळी सातला आकाशाकडे बघून "वारो आसा, भायर नको" म्हणून सांगितलं, आमच्यातले दोघं कुरकुरले, वर आकाश निळंशार, पण आम्ही ऐकलं आणि खाडीतूनच वर गेलो, दोन्ही बाजूला कांदळवन आणि माड, बगळे, खंड्या, एकही दुसरी होडी नाही. खरं सांगायचं तर चारही ट्रिपमधला तो सगळ्यात भारी दिवस. काकांनी गरवायला गरी दिली, तीन तासांत आम्ही नऊजणांनी मिळून दोन बोटांएवढा एक मासा पकडला आणि तो परत सोडला.

सिंधुदुर्ग किल्ला याच होडीत उरकू असं डोक्यात असेल तर काढून टाका. किल्ला मालवणसमोर कुरटे बेटावर आहे आणि तिथे मालवण जेटीवरून ठरलेल्या बोटी जातात, तिकीट काढायचं, बसायचं. महाराजांनी १६६४ मध्ये काम सुरू केलं, तीन वर्षं लागली, आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे आणि चारही बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. तासाभरात हे बघून होत नाही, बोटवाला घाई करतो, त्याला आधीच सांगा की आम्ही पुढच्या फेरीने येऊ. त्याला वेगळी अर्धी सकाळ ठेवा. किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तळाला प्रवाळ आहे, ते उचलून आणायचं नाही, कोणी विकायला आणलं तरी घ्यायचं नाही, गुन्हा आहे.

सामानाचं. रबरी स्लीपर नको, वाहून जाते, पट्ट्याचे सँडल घाला कारण खडकाला कालवं चिकटलेली असतात आणि ती ब्लेडसारखी पाय कापतात. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, टोपीला दोरी. मोबाईलला पाउच, गाडीची चावी आणि पैसे झाकणाच्या प्लास्टिक बरणीत. रोख पैसे ठेवा, पाण्यात रेंज कधी असते कधी नसते. पाणी माणशी दोन लिटर. होडी लागते त्यांनी रिकाम्या पोटी येऊ नये आणि मिसळ चापूनही येऊ नये, पोळी-गुळ, केळं एवढं बास, आलेपाक खिशात, गोळी घेत असाल तर डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर तिचा काही उपयोग नाही. त्रास होणाऱ्याने मागे मध्यभागी बसावं, पुढच्या टोकाला होडी सगळ्यात जास्त आपटते, नेमके हौशी लोक तिथेच बसतात.

होडीत टॉयलेट नसतं आणि याबद्दल कोणी लिहीत नाही. बायकांचे यात हाल होतात, पाणी पीत नाहीत आणि मग उन्हाने डोकं दुखतं. ठरवतानाच विचारा की भोगव्याला किंवा निवतीला कुठे सोय आहे, ओळखीच्या घरी किंवा खानावळीत होते, तिथेच जेवण सांगून ठेवलं की प्रश्न सुटतो. आदल्या रात्री फोन करून थाळ्या सांगा, बांगडा की सुरमई तेपण, नाहीतर दुपारी दोनला फक्त अंडाकरी उरते. आईसाठी आणखी एक, होडीत चढायला बऱ्याचदा गुडघाभर पाण्यात जावं लागतं, म्हातारं माणूस बरोबर असेल तर जेटीवरून चढता येईल अशीच होडी ठरवा, आम्ही प्लास्टिकची खुर्ची पाण्यात ठेवून आईला चढवली आणि ती अजून तो किस्सा सगळ्यांना सांगते, आमच्या नावाने.

डॉल्फिन दिसले की सगळ्या होड्या तिकडे पळतात. तुमच्या तांडेलाला सांगा पाठलाग नको, इंजिन हळू करा, थांबलं की ते कधीकधी स्वतःच जवळ येतात. नाही आले तर नाही आले, त्यावरून पैसे कापायला जाऊ नका. संगमावर पोहायला उतरू नका, वरून पाणी शांत दिसतं पण ओहोटीला ओढ जबरदस्त असते, पट्टीचे पोहणारेसुद्धा तिथे अडकतात. पोहायचंच असेल तर तांडेल दाखवेल तिथे, जॅकेट घालून. दारू होडीत अजिबात नको. ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन नंबर फोनमध्ये सेव्ह करा, आणि लॉजवाल्याला सांगून निघा की कोणाच्या होडीने जातोय आणि किती वाजता परत येणार.

परत आल्यावर उरलेले पैसे द्या, दिवस चांगला गेला असेल तर खलाशी पोराच्या हातात वेगळे थोडे द्या, मालकाकडे दिलेले त्याच्यापर्यंत पोचतीलच असं नाही. वेफर्सच्या पिशव्या स्वतः उचला. आणि अंगात त्राण असेल तर संध्याकाळी मालवण बंदरावर माशांचा लिलाव बघायला जा, पण कॅमेरा घेऊन लोकांच्या मधे मधे करू नका, ते कामात असतात.