पोट्ट्यांच्या मोर्चाचे फोटो काढायचे असतील तर

डिसेंबर आला की हिवाळी अधिवेशन आणि अधिवेशन आलं की मोर्चे, हे नागपूरवाल्यांना काही नवीन नाही. पण आता संविधान चौकात जे पोट्टे-पोट्टी जमतात त्यात स्पर्धा परीक्षावाले खूप असतात, विषय रखडलेली भरती, पेपरफुटी, कंत्राटी नोकऱ्या, महागाई, आणि फोटोही त्यांच्यातलंच कोणीतरी काढत असतं. त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. माझं म्हणणं एवढंच आहे की फोटोत मागणी दिसली पाहिजे आणि त्या फोटोपायी कोणाचं नुकसान व्हायला नको.

आधी आदल्या दिवशी जाऊन जागा पाहून या. अधिवेशनाच्या काळात बरेच मोर्चे यशवंत स्टेडियमकडून निघतात आणि विधानभवनाच्या आधीच, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट नाहीतर टेकडी रोडवर, बॅरिकेड लावून अडवले जातात. म्हणजे खरे फोटो निघताना आणि अडवल्यावर मिळतात, मधल्या चालण्यात सगळे फोटो सारखेच येतात. ऊन कुठून येते तेही पाहा, डिसेंबरमध्ये दुपारी बारालासुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तुम्ही दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले की चेहरे काळे पडतात. साडेपाचच्या आसपास तो मावळतोच, त्यामुळे भाषणं लांबली तर उजेड गेला समजा. आणि मोर्चाला परवानगी आहे का हे आयोजकांना विचारून ठेवा, जमावबंदी असेल तर तेही, आधी १४४ म्हणायचे ते १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं आहे.

सामान कमी न्या. मोबाइल किंवा कॅमेरा, पॉवरबँक, पाण्याची बाटली, ओळखपत्र, पायात बूट. सकाळी तर्री पोहे खाऊन निघा कारण मग चार-पाच तास काही मिळत नाही. फोनला फिंगरप्रिंटऐवजी पिन ठेवा आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा.

सेटिंगचं जास्त डोकं लावू नका. कॅमेरा असेल तर २४ ते ३५ मिमीची लेन्स, चालणाऱ्या माणसांसाठी शटर १/५०० सेकंद, संध्याकाळी १/१२५ वर या आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवा. मोबाइल असेल तर काच पुसा, बोटांनी झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. एक गोष्ट मात्र नक्की करा, उन्हात पांढरं कार्डशीट इतकं चमकते की त्यावरचं अक्षरच उडून जाते, म्हणून स्क्रीनवर फलकावर बोट दाबून धरा आणि उजेड थोडा खाली ओढा.

कुठे उभं राहायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. मोर्चापुढे उलटं चालायचं असेल तर एका दोस्ताला मागून बॅगचा पट्टा धरायला सांगा. पोलीस आणि मोर्चा यांच्या मधल्या पट्ट्यात थांबू नका, बॅरिकेडला पाठ लावून तर अजिबात नाही, बाजूची गल्ली आधीच पाहून ठेवा. पोलिसांनी मागे व्हा म्हटलं तर हो साहेब म्हणून मागे व्हा, वाद घालू नका. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच शहरात गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण गेले, त्यात बाया आणि लेकरं खूप होती, झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. गर्दी दाटायला लागली, खांद्याला खांदा घासायला लागला की कॅमेरा खाली करा आणि बाहेर पडा, फोटो राहिला तर राहू द्या.

आता काय काढायचं. घोषणा देणारी मूठ सगळेच काढतात. पण रस्त्यावर बसून स्केचपेननं फलक लिहिणारी पोरगी, दोन घोषणांच्या मध्ये बॅगेतून पुस्तक काढून वाचणारा पोट्टा, एका डब्यात जेवणारे चौघं, हे पाहणाऱ्याला जास्त सांगतात. फलकाचा फोटो पूर्ण घ्या. ‘कंत्राटी भरती नको’ मधला ‘नको’ फ्रेमबाहेर गेला तर त्या पोट्ट्याची मागणीच उलटी झाली.

चेहऱ्यांच्या बाबतीत मी फार कडक आहे. मागे एका पोट्ट्याचा मी जवळून फोटो काढला, छान आला होता, तर तो मागून धावत आला, ‘दादा, तो डिलीट करा न, पोलीस भरतीचा फॉर्म भरला आहे.’ मी त्याच्यासमोरच डिलीट केला. सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणी असते, त्याची भीती खोटी नाही. म्हणून जवळचा फोटो असेल तर विचारा, आवाज पोचत नसेल तर कॅमेरा दाखवून मान हलवा, नाही म्हटलं की नाही. पाठमोरे, फलकाआडचे, संध्याकाळच्या उजेडातल्या नुसत्या आकृत्या, असेही फोटो चांगले होतात. पोलिसांनी कोणाला उचललं तर त्याचा चेहरा पोस्ट करू नका, आणि झाकायचाच असेल तर हलकं ब्लर नको, पूर्ण काळा ठोकळा लावा. शाळेतली लेकरं असतील तर आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीच.

गर्दीचा फोटो प्रामाणिक ठेवा. लांबच्या लेन्सनं दोनशे लोकं दोन हजारांसारखे दिसतात, म्हणून एक फोटो बाजूच्या गच्चीवरून मालकाला विचारून रुंद घ्या. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका.

घरी आल्यावर पाच-सहाच निवडा. प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि मागणी लिहा, आकडा मोजला नसेल तर लिहू नका. तारीख तर लागतेच, कारण कंत्राटी भरतीचा जीआर ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारनं रद्द केला, त्याच्या आधीचा फोटो आज विनातारखेचा फिरला तर लोकांना वाटते आजचाच आहे. आणि ज्यांनी ‘भाऊ, आम्हाला पाठवा’ म्हटलं त्यांना त्याच रात्री पाठवा, फोटो त्यांचाही आहे.